बाईचं शरीर, बाईचं सुख: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

मी बायकांच्या आरोग्याची सेशन्स घेते तिथे हे प्रश्न येतात, कधी घडी घातलेल्या चिठ्ठीवर, कधी सगळ्या गेल्यावर चप्पल घालता घालता हळूच, आणि कधी व्हॉट्सॲपवर रात्री उशिरा "ताई एक विचारू का, कुणाला सांगू नका हं" असं करत. तीच तीच उत्तरं द्यावी लागतात म्हणून सगळी एका जागी लिहून काढलीत. अठरा वर्षांवरच्या कुणीही वाचा, लग्न झालेलं असो नसो, आणि पुरुषांनी तर नक्की वाचा. आपल्याला सुखाचा अवयव कुणी दाखवला नाही आणि दुखणं मात्र सहन करायला सगळ्यांनी शिकवलं, हे चित्र बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

खाली जे काही आहे ते सगळं म्हणजे योनीच ना?

नाही. बाहेरून जे दिसतं त्या सगळ्या भागाला भग म्हणतात, डॉक्टर व्हल्वा म्हणतात. योनी म्हणजे आतला मार्ग, त्याचं फक्त तोंड बाहेरून दिसतं. हे एकदा स्वतः बघाच. खोलीची कडी लावा, पाठीला उशी घेऊन पाय दुमडून बसा, हातात छोटा आरसा धरा आणि मोबाईलचा टॉर्च लावा. बाहेरचे जाड, केस असलेले दोन ओठ बाजूला केले की आत पातळ, बिनकेसांचे दोन ओठ दिसतील. हे आतले ओठ वर जिथे एकमेकांना मिळतात तिथे कातडीची छोटी घडी आहे, तिच्याखाली क्लिटोरिसचं टोक असतं, शास्त्रीय मराठीत शिश्निका. ती घडी अलगद वर सरकवली तर टोक दिसेल, काहींचं सहज दिसतं, काहींचं नाही, दोन्ही ठीक. त्याच्या खाली लघवीचं अगदी बारीक छिद्र, ते पटकन सापडत नाही. त्याच्या खाली योनीचं तोंड, मग थोडी सपाट जागा जिथे बाळंतपणात टाके घालतात ती, आणि मग गुदद्वार. म्हणजे तीन वेगळ्या जागा आहेत. लघवी आणि पाळी एकाच ठिकाणाहून येते असं समजणाऱ्या दोन मुलांच्या आयासुद्धा मला भेटतात, यात त्यांचा काहीच दोष नाही, कुणी सांगितलंच नाही तर कळणार कुठून.

क्लिटोरिस म्हणजे तो छोटा दाणाच ना? त्याचं एवढं काय कौतुक?

दाणा दिसतो ते फक्त टोक. खरा अवयव आत आहे. टोकापासून दांडा मागे जातो, खाली वळतो, त्याच्या दोन फांद्या होऊन ओटीपोटाखालच्या हाडाला चिकटून दोन्ही बाजूंना पसरतात, आणि योनीच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन फुगीर भाग असतात. आकार डोळ्यासमोर आणायचा तर उलटी धरलेली बेचकी आठवा. सगळं धरून लांबी सुमारे नऊ ते अकरा सेंटिमीटर. पुरुषाच्या लिंगात असतात तशाच पेशींचा हा बनलेला आहे, गर्भात दोन्ही अवयव एकाच उंचवट्यापासून तयार होतात, त्यामुळे उत्तेजना आली की यातही रक्त भरतं आणि हा फुगतो, फक्त ते बाहेरून कळत नाही.

आणि कौतुक यासाठी की या अवयवाला सुख देण्याखेरीज दुसरं कामच नाही. लघवी नाही, पाळी नाही, मूल नाही. "आठ हजार नसा" हा आकडा इंटरनेटवर सगळीकडे फिरतो तो मुळात गायीगुरांच्या अभ्यासावरून आलेला होता. २०२२ साली अमेरिकेत ओरेगनमधल्या डॉक्टर ब्लेअर पीटर्स यांच्या टीमने पहिल्यांदा माणसाच्या ऊतीत प्रत्यक्ष मोजलं तेव्हा दहा हजारांपेक्षा जास्त मज्जातंतू निघाले. एवढ्याशा जागेत. म्हणूनच तिथे जोरात चोळलं तर सुख सोडा, झिणझिण्या येऊन दुखतं.

मग हे आम्हाला शाळेत का नाही शिकवलं?

शाळेत "प्रजनन संस्था" शिकवतात, आणि क्लिटोरिसचा प्रजननाशी थेट संबंध नाही, म्हणून आकृतीत गर्भाशय, बीजांडं, नळ्या सगळं असतं आणि हा एक अवयव गायब. पण नुसत्या शाळांना काय बोलणार, डॉक्टरांच्या पुस्तकांतही तेच होतं. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कोबेल्ट यांनी १८४४ मध्येच आतल्या भागाची तपशीलवार चित्रं काढून ठेवली होती, तरी पुढे ती मागे पडली. १९०५ मध्ये मनोविश्लेषक फ्रॉइडने लिहिलं की प्रौढ झालेल्या बाईचं सुख क्लिटोरिसकडून योनीकडे सरकलं पाहिजे. याला शरीरशास्त्राचा काहीही आधार नव्हता, पण कित्येक पिढ्यांतल्या बायकांना स्वतःत काहीतरी कमी आहे असं वाटायला लावण्याइतकं ते पसरलं, आणि मला याचा अजूनही संताप येतो. शेवटी ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या युरॉलॉजिस्ट हेलन ओ'कॉनेल यांनी १९९८ मध्ये शवविच्छेदन करून आणि पुढे २००५ मध्ये एमआरआय वगैरे पुरावे एकत्र मांडून सगळा अवयव नीट दाखवला. म्हणजे चंद्रावर माणूस जाऊन तीसेक वर्षं झाल्यावर.

नुसत्या संभोगाने मला काहीच होत नाही. माझ्यात दोष आहे का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर आहे नाही, नाही आणि नाही. योनीचा आतला दोन तृतीयांश भाग स्पर्शाला फारसा संवेदनशील नसतो (बाळंतपणाचा विचार केला तर बरंच आहे ते), आणि क्लिटोरिसचं टोक योनीच्या तोंडापासून वर, थोडं लांब असतं, मग नुसतं आतबाहेर करून तिथपर्यंत काही पोचतच नाही बऱ्याच जणींच्या बाबतीत. अमेरिकेत हजारभर बायकांना विचारलेल्या, २०१८ च्या सुमाराला छापून आलेल्या एका सर्वेक्षणात फक्त १८ टक्के जणींनी सांगितलं की ऑर्गॅझमपर्यंत, म्हणजे सुखाच्या शिखरापर्यंत, पोचायला नुसता संभोग त्यांना पुरतो. जवळपास ३७ टक्के जणी म्हणाल्या की क्लिटोरिसला स्पर्श झाल्याशिवाय होतच नाही, आणि आणखी तेवढ्याच म्हणाल्या की त्याशिवाय होतं पण त्याने जास्त छान होतं. तेव्हा ज्याला तुम्ही दोष समजताय तो बहुतेक जणींचा नेहमीचा अनुभव आहे. संभोग चालू असताना स्वतःचा हात लावा, त्याला लावायला सांगा, किंवा संभोगाच्या आधी नाहीतर नंतर हाताने किंवा तोंडाने होऊ द्या. हे "एक्स्ट्रा" नाही, बाईसाठी मुख्य भाग हाच आहे.

ऑर्गॅझम आला हे कळतं कसं? मला आला की नाही तेच समजत नाही.

ताण चढत चढत जातो, श्वास आणि ठोके वाढतात, आणि मग ओटीपोटाच्या खालचे स्नायू आपोआप आवळतात सुटतात, आवळतात सुटतात, साधारण सेकंदाला एकदा, काही वेळा होऊन थांबतात आणि अंग सैल पडतं. कुणाचं हे जोरात होतं, कुणाचं इतकं हलकं की नंतरच्या शांतपणावरून कळतं. सिनेमात दाखवतात तसं ओरडायला हवं असं काही नाही. आला की लगेच दुसरा येऊ शकतो, पुरुषांसारखी सक्तीची विश्रांती बहुतेक बायकांना लागत नाही, पण एकानंतर तिथे हात लावलेला नको वाटला तर तेही अगदी नॉर्मल. एकटीने, घाई नसताना शोधायला जास्त सोपं जातं.

जी-स्पॉट खरंच असतो का?

योनीच्या आत खास सुखाची जागा असते म्हणतात, तसा वेगळा अवयव किंवा बटण असं काही सापडलेलं नाही. योनीच्या पुढच्या भिंतीवर, म्हणजे पोटाच्या बाजूला, दोनेक इंच आत दाबलं की काही जणींना छान वाटतं, कारण तिथे भिंतीपलीकडे क्लिटोरिसचाच आतला भाग, मूत्रमार्ग आणि आजूबाजूच्या ग्रंथी एकमेकांना लागून आहेत. छान वाटत असेल तर उत्तम, काही वाटत नसेल तर शोधत बसू नका.

मी नवरा आहे. बायको काही बोलत नाही, मी नेमकं काय करू आणि किती वेळ?

दादा, विचारलंत हेच मोठं आहे. वेळेचं आधी सांगते. पाच देशांतल्या जोडप्यांना स्टॉपवॉच देऊन केलेल्या २००५ च्या अभ्यासात संभोगाचा मधला आकडा साडेपाच मिनिटांच्या जरा आतच होता. आणि २०२० मध्ये कर्नाटकातल्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या देशांतल्या ६४५ बायकांच्या नोंदी घेतल्या तेव्हा पुरेशी उत्तेजना मिळाल्यापासून ऑर्गॅझमपर्यंत सरासरी सुमारे १३ मिनिटं लागत होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले की गोळ्या, तेलं, "टायमिंग" या सगळ्यावर पैसे घालवण्यात अर्थ नाही हे कळतं, कारण प्रश्न तुमच्या टिकण्याचा नाहीच, क्रमाचा आहे.

म्हणून घाईने आत जाऊ नका. गप्पा, मिठी, मान, पाठ, मांड्या, मग बाहेरचे ओठ, आणि क्लिटोरिसला सगळ्यात शेवटी. सुरुवातीला थेट टोकावर नाही तर घडीवरून किंवा बाजूने, बोट ओलं करून, हलक्या हाताने. नखं कापलेली आणि हात धुतलेले हवेत, हे सांगावं लागतं. एक लय तिला आवडली असं दिसलं तर तीच धरून ठेवा. "अजून जोरात करू" म्हणून शेवटच्या क्षणी वेग बदलतात आणि तिथेच सगळं निसटतं, ही बायकांची अगदी नेहमीची तक्रार आहे. आणि "कसं वाटलं" असं नंतर विचारण्यापेक्षा त्या वेळी "असं का तसं" असे दोन पर्याय द्या, लाजणाऱ्या बाईलाही एका शब्दात उत्तर देता येतं.

मी ऑर्गॅझमचं नाटक करते. चूक आहे का?

बऱ्याच जणी करतात, लवकर संपावं म्हणून, त्याला वाईट वाटू नये म्हणून. पण त्याला वाटतं हेच बरोबर चाललंय आणि तो पुढची वर्षानुवर्षं तेच करतो. इतक्या दिवसांचं नाटक कबूल करत बसायची गरज नाही, आजपासून थांबवा आणि "मला इथे हात लावलेला आवडतो" एवढंच म्हणून सुरुवात करा.

मला आपणहून इच्छाच होत नाही, पण सुरू झालं की बरं वाटतं. असं का?

इच्छा दोन प्रकारे येते. एक अचानक उसळते, दुसरी जवळीक सुरू झाल्यावर हळूहळू जागी होते, आणि लग्नाला काही वर्षं झालेल्या खूप बायकांची ही दुसऱ्या प्रकारची असते. कॅनडाच्या डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी २००० साली हे नीट मांडलं. यात आजार नाही. मात्र दिवसभर ऑफिस, लोकलची गर्दी, घरी आल्यावर पोळ्या, मुलांचा होमवर्क, शेजारच्या खोलीत सासूबाई आणि मध्ये पातळ पार्टिशन, अशा ठिकाणी इच्छा कुठून जागी होणार? तिला औषध देण्याआधी घरातली कामं वाटून घ्या आणि दाराला नीट लागणारी कडी बसवा, मी हे अगदी गंभीरपणे सांगतेय. तरीही एकदम इच्छा गेली असेल तर थायरॉइड, ॲनिमिया, डिप्रेशन तपासून घ्या, आणि डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी इच्छा आणि ऑर्गॅझम दोन्ही मंदावतात, पण गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतात.

संबंधाच्या वेळी दुखतं. सगळ्या म्हणतात सवय होईल.

सवय करून घ्यायची गरज नाही. दुखणं म्हणजे काहीतरी बघायला हवं. सगळ्यात साधं कारण कोरडेपणा, म्हणजे उत्तेजना येण्याआधीच घाई. शांत असताना योनी साधारण ७ ते १० सेंटिमीटर असते, उत्तेजना आली की ती लांब रुंद होते, ओलावा येतो, गर्भाशय वर उचललं जातं. हे व्हायला वेळ मिळाला नाही तर दुखणारच. ल्युब्रिकंट वापरा, मेडिकलमध्ये पाण्याच्या बेसचं मिळतं. नुसती "जेली द्या" म्हणू नका, लिग्नोकेन लिहिलेली जेली ही जागा बधिर करायची असते, तिने दुखणं कळत नाही आणि सुखही कळत नाही. घरातलं खोबरेल तेल बऱ्याच जणी वापरतात, पण कंडोम असेल तर अजिबात नको, तेलाने लॅटेक्स फाटतं.

ल्युब्रिकंट लावूनही दुखत असेल तर कुठे दुखतं ते बघा. तोंडाशी जळजळ असेल तर इन्फेक्शन किंवा तिथल्या नसांचा त्रास. खोल आत, पोटात दुखत असेल आणि पाळीतही असह्य होत असेल तर एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) शंका घ्यायला हवी. आणि काही जणींचे स्नायू भीतीने इतके आवळतात की बोटसुद्धा जात नाही, याला व्हजायनिस्मस म्हणतात, ती मुद्दाम करत नाही आणि ती "थंड" नाही. पेल्विक फ्लोअरच्या (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या) फिजिओथेरपिस्ट, योनीत घालायचे हळूहळू मोठे होत जाणारे डायलेटर आणि समुपदेशन यांनी बहुतेक जणी बऱ्या होतात. लग्नाला चार चार वर्षं झालेली जोडपी मूल होत नाही म्हणून तपासण्या करत फिरतात आणि मूळ कारण हे निघतं, कारण "तुमचा संबंध होतो का" हे साधं कुणी विचारलेलंच नसतं.

पहिल्या वेळी रक्त यायलाच हवं ना?

नाही. योनीपटल हा बंद पडदा नाही, तोंडाशी असलेली लवचिक कातडीची कड आहे, तिला मुळातच छिद्र असतं, नाहीतर पाळी आलीच नसती. कुणाची कड थोडी फाटते, कुणाची नुसती ताणली जाते, आणि अनेकींना पहिल्या वेळी रक्त येत नाही. बघून कौमार्य ओळखणं कुठल्याही डॉक्टरला शक्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये अशा चाचण्या बंद करा म्हणून सांगितलं, २०१९ मध्ये आपल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून कौमार्याची लक्षणं हा भाग काढायचं ठरवलं, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने टू फिंगर टेस्ट (योनीत दोन बोटं घालून केलेली तपासणी) करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरलं जाईल असं बजावलं. लग्नाच्या रात्री रक्ताचा डाग पडतो का बघायला पांढरी चादर घालणाऱ्या जातपंचायतींविरुद्ध पुण्यातल्या तरुण मुलामुलींनी आवाज उठवला, त्यानंतर २०१९ मध्येच राज्य सरकारने जाहीर केलं की अशी चाचणी लैंगिक अत्याचार धरली जाईल. त्या मुलांना घरच्यांचा आणि समाजाचा बहिष्कार सोसावा लागला, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

बाईने हस्तमैथुन केलं तर काही होतं का?

सुख होतं. मूल न होणं, पाठदुखी, केस गळणं, डोळ्यांखाली काळं, यातलं काहीही होत नाही. हात आणि वस्तू स्वच्छ हव्यात, काकडीबिकडी किंवा काचेचं काही आत घालू नका, तुटतं.

अंगावरून पांढरं जातं, त्याने हाडं झिजतात का?

नाही झिजत. योनी स्वतःला साफ करते, त्याचा तो स्राव. दोन पाळ्यांच्या साधारण मध्यावर तार येणारा, पारदर्शक, बाकी दिवसांत पांढुरका, आणि उत्तेजना आली की पातळ. हिरवट पिवळा, घाण वासाचा, किंवा फाटलेल्या दुधासारखा घट्ट आणि प्रचंड खाज असेल तर डॉक्टर. आतली आम्लता जंतूंना दूर ठेवते, त्यामुळे आत साबण, डेटॉल, सुगंधी वॉश काही घालू नका, बाहेरून साधं पाणी पुरतं. संबंधानंतर लघवीला जाऊन या, लघवीची जळजळ टळायला मदत होते.

माझे आतले ओठ काळे आणि लोंबतात, मुलगा नाकारेल का?

तिथली कातडी वयात आल्यावर गडद होतेच, मांड्या, काखा होतात तशी. स्वित्झर्लंडमध्ये साडेसहाशे बायकांचं मोजमाप केलं त्यात आतल्या ओठांची लांबी ५ मिलिमीटरपासून १०० मिलिमीटरपर्यंत निघाली, एक बाजू लहान एक मोठी हे सर्रास. गोरं करायची क्रीम तिथे लावून भाजून घेतलेल्या मुली बघितल्यात, कृपा करून लावू नका.

बाळंतपणानंतर सैल झालंय असं नवरा म्हणतो.

स्नायू थकलेले असतात, व्यायामाने ताकद परत येते. लघवी मध्येच अडवताना जे स्नायू आवळतो ते ओळखा (प्रत्यक्ष लघवी करताना रोज अडवू नका), पाच सेकंद आवळा, पाच सेकंद पूर्ण सोडा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. सोडणं तितकंच महत्त्वाचं. अंगावर पाजत असाल तर इस्ट्रोजेन (बाईच्या शरीरातलं मुख्य हार्मोन) कमी असतं म्हणून कोरडं होतं, ते तात्पुरतं आहे. दुखत असेल तर आधी हे व्यायाम नकोत, आधी दाखवा. आणि खूप संबंध केल्याने कुणीही सैल होत नाही.

पाळी गेली, आता हे सगळं संपलं ना?

आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ च्या आसपास जाते, पुढे तीस वर्षं आयुष्य आहे. कोरडेपणा, जळजळ होते ती इस्ट्रोजेन कमी झाल्याने, त्यासाठी आत लावायची क्रीम डॉक्टर लिहून देतात, चांगला फरक पडतो. क्लिटोरिस कुठे जात नाही. कित्येक जणींना तर गरोदरपणाची धास्ती गेल्यावरच मोकळं वाटतं. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी पडला तरी मात्र लगेच तपासा.

शरीर ओलं झालं म्हणजे तिला हवंच आहे ना?

नाही. शरीर आपोआप ओलं होऊ शकतं, अगदी नको असताना आणि भीतीतसुद्धा. तिचा होकार तिच्या तोंडूनच यायला हवा, आणि मध्येच नको म्हणाली तर थांबायचं. ज्यांच्यावर जबरदस्ती झाली त्यांनाही सांगते, त्या वेळी शरीराने दिलेली प्रतिक्रिया म्हणजे तुमची संमती नव्हती. नवऱ्याकडून होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळ येतो, १८१ वर फोन करा.

असं उघड लिहायची काय गरज आहे?

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत "समाजस्वास्थ्य" मासिक चालवलं, त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. कोर्टात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. दंड झालाच. इतक्या वर्षांनी चिठ्ठीवर मला तेच प्रश्न येतायत, म्हणून.

डॉक्टरकडे गेल्यावर बोलू काय? तोंडच उघडत नाही.

घरीच मोबाईलमध्ये तीन वाक्यं लिहून न्या: "संबंधाच्या वेळी दुखतं. तोंडाशी की आत खोल, ते अमुक. इतक्या महिन्यांपासून." बोलायचं होत नसेल तर मोबाईल पुढे करा, चालतं. बरोबर आलेल्या सासूला किंवा नवऱ्याला बाहेर थांबायला सांगा हे तुम्ही डॉक्टरांना म्हणू शकता. तपासणीआधी काय करणार ते विचारा, दुखलं तर "थांबा" म्हणा, बाई डॉक्टर किंवा नर्स खोलीत हवी असेल तर मागा. "लग्न झालंय का" या प्रश्नाचा अर्थ बहुतेक वेळा संबंध आलाय का असाच असतो, लग्न नसेल तरी खरं सांगा, तपासणी त्यावर ठरते. आणि कुणी "मूल झालं की आपोआप नीट होईल" म्हणून परत पाठवलं तर दुसरी गायनॅक गाठा.